डीएनए प्रमाणपत्रासह मिळणारे सागाचे रोप : रोपाला साडेचार, जनुकांच्या दाव्याला दोन

धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साग लावण्याची पद्धत चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे जुनीच आहे. अलीकडे मात्र ‘डीएनए प्रमाणित’ असे लेबल लावलेली टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपे तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली असून, ती बियाण्याच्या रोपांपेक्षा कितीतरी महाग विकली जातात. अशाच एका खासगी रोपवाटिकेची रोपे मी आमच्या शेतात लावली आणि त्यांना काही पावसाळे पाहू दिले, त्यानंतरच हे परीक्षण लिहायला घेतले आहे. रोपवाटिकेचे नाव येथे देत नाही, कारण माझा आक्षेप तिच्या माणसांवर किंवा रोपांवर नसून रोपासोबत मिळणाऱ्या प्रमाणपत्रातील एका विशिष्ट दाव्यावर आहे आणि तसाच दावा करणारी पत्रके आता इतरांकडूनही येऊ लागली आहेत. सागाला पैसे गुंतवणे म्हणजे एका पिढीने पेरून दुसऱ्या पिढीने कापणे होय. म्हणून या कागदावर नेमके काय लिहिले आहे आणि त्यामागे किती विज्ञान उभे आहे, हे विकत घेणाऱ्याला आधीच कळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रथम रोपाविषयी. रोपे साधारण हातभर उंचीची, काळ्या पिशवीत, उन्हाला नीट सरावलेली अशी मिळाली. सागाचे कोवळे खोड चौकोनी असते आणि कोवळे पान बोटांत चुरडले की बोटे लाल होतात. या दोन्ही खुणा प्रत्येक रोपात स्पष्ट होत्या. टिश्यू कल्चरच्या रोपांना बियाण्याच्या रोपासारखे सरळ सोटमूळ नसते, म्हणून एक पिशवी मी मुद्दाम उभी चिरून पाहिली. मुळे चारही बाजूंनी फुटलेली होती, तळाशी वेटोळे घालून बसलेली नव्हती आणि मातीचा गोळा हातात घेतल्यावर न फुटता तसाच राहिला. पिशवीत फार दिवस पडून राहिलेल्या रोपाची मुळे गोल फिरतात आणि असे झाड पुढे वादळात उन्मळते, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. रोपांची वाढ एकसारखी झाली, खोडे सरळ गेली आणि खालच्या फांद्याही बियाण्याच्या रोपांपेक्षा कमी फुटल्या. शेजारच्या धुऱ्यावर लावलेल्या सागाच्या साध्या जड्यांमध्ये (बियाण्याच्या रोपाच्या मूळ-खोडाच्या तुकड्यांमध्ये) एक झाड उंच, दुसरे ठेंगणे आणि तिसरे दुबेळक्याचे असा प्रकार आहे. तसा येथे दिसत नाही.

मरतूक झाली, पण ती ज्या ठिकाणी झाली तेथे कोणतेही सागाचे रोप मेलेच असते. सागाला पाण्याचा निचरा हवा. बांधीच्या कडेला जेथे कन्हार, म्हणजे पाणी धरून ठेवणारी भारी माती आहे आणि आश्विनापर्यंत पाणी मुरत राहते तेथील रोपे पिवळी पडून गेली; मोरांड आणि खरडी या निचऱ्याच्या मातीतली मात्र तरारली. रोपवाटिकेच्या माणसाने रोपे देताना जमिनीचा प्रकार विचारला नाही, ही सेवेतील उणीव मी नोंदवतो. एवढ्या महागाचे रोप विकणाऱ्याने ‘पाणी किती दिवस थांबते?’ हा एक प्रश्न विचारायलाच हवा.

आता कागदाकडे वळतो. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात क्लोनचा, म्हणजे एकाच मातृवृक्षापासून काढलेल्या हुबेहूब रोपांच्या वाणाचा, क्रमांक आणि त्या क्लोनचा डीएनए ठसा दिलेला आहे. दुसऱ्या भागात ‘लाकडाची घनता’, ‘तंतूंचा सरळपणा’ आणि ‘लाल गाभा’ अशा तीन गुणांपुढे अनुकूल जनुक असल्याची खूण केलेली आहे. हे दोन्ही भाग एकाच कागदावर आणि एकाच शाईत छापलेले असल्यामुळे सारख्याच खात्रीचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यात फार मोठे अंतर आहे.

पहिला भाग भरवशाचा आहे. डीएनए ज्या रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो त्यांपैकी दोन-तीन अक्षरांचा छोटा तुकडा काही ठिकाणी पुन्हा पुन्हा येतो आणि तो किती वेळा येतो हे झाडागणिक बदलते. अशा दहा-पंधरा जागा एकत्र तपासल्या की दोन झाडे एकाच क्लोनची आहेत की नाहीत हे ठामपणे सांगता येते. मी विचारल्यावर तेथील तरुणाने सरळ उत्तर दिले, “काकाजी, चाचणी या रोपाची नाही, मातृवृक्षाची झाली आहे.” त्यात लपवण्यासारखे काही नाही, कारण टिश्यू कल्चरच्या रोपात मातृवृक्षाचाच डीएनए असतो आणि दर खेपेतील काही रोपे तपासून क्लोन मिसळला नाही ना एवढे पाहिले की पुरते. सागाचे टिश्यू कल्चर हे तंत्रही नवे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी जुन्या, वाढलेल्या सागवृक्षांपासून अशी रोपे तयार करण्याची पद्धत १९८० मध्येच प्रसिद्ध केली होती. ज्या भागात नव्वदीच्या दशकातील सागलागवड कंपन्यांच्या जाहिराती आणि १९९९ मध्ये गुंतवणूक बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने अशा योजनांसाठी आणलेले नियम अजून लोकांच्या आठवणीत आहेत, तेथे ‘हे रोप नेमके कोणत्या झाडाचे’ याचा पुरावा हाती मिळणे ही मोठी सोय आहे. या भागासाठी जास्तीचे पैसे देणे मला योग्य वाटते.

दुसऱ्या भागाची गोष्ट वेगळी आहे आणि ती सविस्तर सांगावी लागेल. लाकडाचा गुण आणि डीएनएमधील एखादी खूण (झाडागणिक अक्षर बदलणारी ठरावीक जागा) यांचा संबंध शोधण्याच्या अभ्यासाला जनुकीय सहसंबंध अभ्यास म्हणतात. त्याची रीत अशी असते. परस्परांशी नाते नसलेली शेकडो झाडे निवडायची, प्रत्येक झाडाच्या खोडातून पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढायची आणि त्या कांडीवर क्ष-किरणांनी घनता मोजायची. पेशीभित्तिकेतील सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू झाडाच्या उभ्या अक्षाशी किती कोन करतात हेही त्याच कांडीवर मोजले जाते. हा कोन म्हणजे सुंभाच्या दोरीला असलेल्या पिळासारखा आहे. तो जितका उभा तितके लाकूड ताठ, आणि जितका आडवा तितकी फळी वाळताना लांबीत आखडून वाकते. त्यानंतर त्याच झाडांच्या डीएनएमध्ये अक्षर बदललेल्या जागा वाचायच्या आणि कोणत्या अक्षराची झाडे सरासरीने जड किंवा ताठ लाकडाची निघतात ते संख्याशास्त्राने तपासायचे.

या प्रकारच्या संशोधनातला एक महत्त्वाचा निष्कर्ष २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी निलगिरीच्या एका जातीवर काढला. लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारे द्रव्य, तयार करण्याच्या प्रक्रियेत भाग घेणाऱ्या ‘सीसीआर’ नावाच्या जनुकातील बदलांचा संबंध सूक्ष्मतंतूंच्या कोनाशी असल्याचे त्यांना आढळले, आणि त्यांनी तो निलगिरीच्या दोन वेगळ्या कुटुंबांमध्ये पुन्हा पडताळूनही पाहिला. मला या कामाविषयी आदर वाटतो तो या पडताळणीमुळे. पाठोपाठ २००७ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागातील लोब्लोली पाइनवर असाच अभ्यास झाला. त्यातही लिग्निनशी आणि पेशीच्या सांगाड्याशी संबंधित जनुकांचे धागे घनतेशी व तंतूंच्या कोनाशी जुळले. मात्र तेथे कोणत्याही एका खुणेने झाडाझाडांतील फरकाचा पाच टक्क्यांइतकाही वाटा समजावून दिला नाही. उरलेला फरक इतर असंख्य जनुकांच्या बारीक बारीक वाट्यांतून, मातीतून, पावसातून आणि झाडाला मिळालेल्या जागेतून येतो. शिवाय थोड्या झाडांवर केलेल्या अभ्यासात जी खूण पहिल्यांदा सापडते, तिचा परिणाम खऱ्यापेक्षा मोठा दिसण्याकडे कल असतो. नव्या झाडांवर पुन्हा मोजला की तो बहुधा कमी भरतो.

एकच जनुक मोठा फरक पाडू शकते, असेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच लोब्लोली पाइनच्या पैदाशीतील एका झाडात ‘सीएडी’ या जनुकाची एक प्रत पूर्ण निकामी असल्याचे नव्वदीच्या दशकात आढळले. ज्या संततीत दोन्ही प्रती निकामी आल्या, तिच्या लाकडाचा रंग तपकिरी झाला आणि लिग्निनची घडणच बदलली. पण अशी उदाहरणे दुर्मिळ असतात. सामान्य जंगलातील सामान्य झाडांमध्ये लाकडाचा गुण अनेक लहान हातांनी घडवलेला असतो, आणि आमच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक गुणापुढे एकेकच खूण आहे.

यात धान आणि साग यांच्यातला फरक ध्यानात घ्यावा लागतो. धान स्वपरागित आहे. त्यात डीएनएचे लांबच लांब तुकडे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतात, म्हणून खरे जनुक लाख अक्षरे दूर असले तरी जवळची खूण त्याचा पत्ता देऊ शकते. वनवृक्ष बहुतांशी परपरागित असतात. सागाचा मोहोर कीटक धुंडाळतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्यावर जातात. अशा झाडांत दर पिढीला डीएनएची फेरजुळणी होते. पाइन आणि पॉप्लरमधील सुरुवातीच्या अभ्यासांत खूण आणि जनुक यांची सोबत काहीशे ते एक-दोन हजार अक्षरांतच सुटलेली दिसली. याचा एक फायदा असा, की संबंध सापडलाच तर खरे जनुक अगदी शेजारी असते. तोटा असा, की संपूर्ण जनुकसंच, म्हणजे झाडाचा सगळा डीएनए, धुंडाळायला खुणाही अफाट लागतात. पॉप्लरचा जनुकसंच २००६ मध्ये वाचला गेला आणि निलगिरीचा २०१४ मध्ये. सागाचा पहिला मसुदा कोईमतूरच्या वन आनुवंशिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि गुणसूत्रांच्या पातळीवरची मांडणी २०१९ मध्ये परदेशातून आली. तीस कोटींहून थोडी अधिक अक्षरे असलेला हा संच पाइनच्या दोन हजार कोटींहून अधिक अक्षरांच्या संचापुढे लहान आहे, त्यामुळे पुढचे काम तुलनेने सोपे जाईल असे मला वाटते. पण ज्या झाडाचे पुस्तकच आत्ता उघडले, त्याच्या साठ-सत्तर वर्षांनी पक्व होणाऱ्या लाकडाची हमी आजच एका खुणेवरून देणे घाईचे आहे.

माझ्या मते सर्वांत गंभीर अडचण झाडांच्या मूळ ठिकाणाची आहे. केरळातील निलांबूरचा ओल्या जंगलातला साग आणि आमच्या गडचिरोलीतल्या आलापल्लीचा कोरड्या पानझडी जंगलातला साग यांची घडण जनुकीयदृष्ट्याही वेगळी आहे आणि त्यांच्या लाकडाचा रंग, रेषा व वाढ हीदेखील वेगळी आहे. समजा, अभ्यासासाठी अर्धी झाडे तिकडची आणि अर्धी इकडची घेतली. मग या दोन गटांत वेगळी असणारी प्रत्येक खूण लाकडाच्या रंगाशी ‘संबंधित’ दिसेल, मग तिचा रंगाशी काडीचाही संबंध नसो. हा धोका टाळण्यासाठी गटांचा फरक आधी हिशेबात धरून मगच संबंध तपासावा लागतो. म्हणून मी रोपवाटिकेला लेखी विचारले की ज्या झाडांवर हा अभ्यास झाला ती कोठली होती, किती वयाची होती आणि गटांचा फरक वजा केला होता का. उत्तर नम्र भाषेत आले, पण त्यात फक्त प्रमाणपत्राचाच मजकूर पुन्हा लिहिलेला होता.

‘लाल गाभा’ या खुणेविषयी तर वयाचाच प्रश्न उभा राहतो. सागाचे टिकाऊपण गाभ्यात साठणाऱ्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे असते. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला उधई आणि कीड सोडत नाही. झाडाचे वय वाढते तसा गाभ्याचा वाटा वाढतो. पंधरा-वीस वर्षांत कापलेल्या सागात पांढऱ्याचा भाग मोठा राहतो, मग क्लोन कोणताही असो. याउलट, ‘लवकर वाढलेला साग हलका’ ही आपल्याकडची समजूतही जशीच्या तशी खरी नाही, कारण सागात वाढीचा वेग आणि घनता यांचे नाते इतके सरळ नसल्याचे लाकूडशास्त्राच्या अभ्यासांत दिसले आहे. घनतेचा आनुवंशिक वाटा वनवृक्षांत सामान्यतः वाढीच्या गुणांपेक्षा अधिक असतो, हेही रोपवाटिकेच्या बाजूने नमूद करायला हवे. म्हणजे चांगल्या घनतेच्या मातृवृक्षाचा क्लोन घेतला तर घनता बऱ्यापैकी उतरेल, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण ते सांगायला मातृवृक्षाच्या लाकडाचे मोजमाप पुरते, त्यासाठी जनुकाची खूण लागत नाही. प्रमाणपत्रावर नेमके हे मोजमापच नाही.

आणि समजा घनतेची खूण शंभर टक्के खरी ठरली, तरी शेतकऱ्याला तिचा दाम मिळेल का? बल्लारपूरच्या लाकूड डेपोत सागाचा लिलाव ज्याने पाहिला आहे, त्याला बोली कशावर लागते हे ठाऊक असते. खरेदीदार ओंडक्याची लांबी आणि मधला घेर पाहतो, कापलेल्या तोंडाशी वाकून गाभा किती आणि पांढरे किती ते न्याहाळतो, बुंध्याला खोल खाचा आहेत का, गाठी कोठे आहेत, आतून पोकळ तर नाही ना, हे तपासतो. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातून साग गेला, तो याच गुणांच्या नावलौकिकावर गेला. घनतेचे यंत्र घेऊन लिलावाला कोणी येत नाही. सरळ खोड, कमी गाठी आणि एकसारखा घेर हे गुण ज्या क्लोनमध्ये डोळ्यांनी दिसतात त्यालाच उद्या भाव आहे, आणि या रोपांमध्ये ते आजवर तरी दिसत आहेत.

या विज्ञानाचा पुढे उपयोग होणार नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. एकेक जनुक शोधण्याऐवजी हजारो खुणा एकत्र धरून झाडाच्या गुणाचा अंदाज बांधण्याची पद्धत निलगिरीच्या पैदाशीत चांगली रुजत आहे. ब्राझीलमध्ये निलगिरी सहा-सात वर्षांत कापणीला येते, त्यामुळे अंदाज आणि प्रत्यक्ष लाकूड यांची तुलना एका संशोधकाच्या हयातीत अनेकदा करता येते. सागासाठी असे करायचे तर मध्य भारतातील झाडांवरच, म्हणजे आपल्याच मातीत आणि आपल्याच उन्हाळ्यात वाढलेल्या झाडांवर, मोजमापांचा पाया घालावा लागेल. आलापल्लीजवळचे जुन्या सागाचे राखलेले जंगल २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. तेथील थोराड वृक्षांना हात न लावता त्यांच्या पानांतून डीएनए घेता येतो आणि तोच भविष्यातील अशा अभ्यासाचा खरा ठेवा आहे, असे मी समजतो.

विकत घेणाऱ्यांना माझा सल्ला असा. रोपे घ्यावीत, पण जनुकांच्या तीन खुणांसाठी म्हणून जो अधिक भाव सांगितला जातो तो देऊ नये. क्लोनच्या ओळखीपुरता भाव द्यावा आणि घासाघीस करायला संकोचू नये. विक्रेत्याला मातृवृक्ष कोठे आहे, त्याचे वय काय आणि घेर किती आहे, त्याच क्लोनची विदर्भात लावलेली सर्वांत जुनी झाडे कोठे पाहायला मिळतील, हे विचारावे. शक्य असल्यास ती झाडे पावसाळ्याच्या शेवटी जाऊन पाहावीत, कारण त्या दिवसांत पानांची चाळण करणारी अळी सागावर येते आणि कोणता क्लोन तिला अधिक बळी पडतो हे उघड दिसते. याच कारणाने सगळ्या धुऱ्यांवर एकच क्लोन लावू नये. दोन-तीन क्लोन घ्यावेत आणि त्यांच्यामध्ये स्थानिक बियाण्याच्या जड्याही लावाव्यात, म्हणजे एका किडीने किंवा एका वादळाने सगळेच एकदम जाणार नाही. धानाच्या पिकावर सावली पडते म्हणून पूर्व-पश्चिम धुऱ्यापेक्षा उत्तर-दक्षिण धुरा निवडलेला बरा.

गुण द्यायचे तर रोपाच्या प्रतीला मी पाचपैकी साडेचार देतो, क्लोनच्या ओळखीला चार, सेवेला तीन आणि जनुकांच्या दाव्याला दोन. त्या दोनांपैकी एक गुण, विचारल्यावर निदान खरे बोलणारा माणूस तेथे आहे यासाठी आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. साग स्वतःच्या शेतातला असला तरी तोडीला आणि वाहतुकीला वनविभागाची परवानगी लागते, म्हणून लागवडीच्याच वर्षी सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यावी. त्या नोंदीत क्लोनचा क्रमांक येत नाही. तेव्हा प्रमाणपत्राची एक प्रत आणि कोणत्या धुऱ्यावर कोणता क्लोन लावला याचा हाताने काढलेला नकाशा सातबाऱ्यासोबत एकाच फाईलमध्ये ठेवावा. पिशवीवरची लेबले पहिल्याच उन्हाळ्यात उडून जातात.